शनिवारी जोडे आणा

११ नोव्हेंबर

ताई,

अक्षर ओळखलंच असशील, कोंबडीचे पाय. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा खटाटोप. फोन न बघता कापता येतो, पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

सरळ सांगते. मला फिरवून बोलता येत नाही, आणि चौथीत शाळा सुटल्यावर फिरवून लिहिणं कुठून येणार? तुझ्या चिमण्याला कामावरून काढलं. चोरी केली नाही, उशीर केला नाही, गिऱ्हाइकाला उलटून बोलला नाही. तरी काढलं.

तो काय काम करायचा हे तुला ठाऊक नसेल. दोन वर्षांपूर्वी त्याची बॅग दाराबाहेर ठेवलीस, त्यानंतर विचारलंस कुठे? मी त्याला माझ्याकडे आणलं तर मलाच म्हणालीस, आजपासून मला बहीण नाही. बरं, नाही तर नाही. मी ज्या जोड्यांच्या दुकानात शिलाई करते तिथेच त्याला चिकटवला होता. पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या पायात जोडे घालून बघायला. माप घेतो, खोके काढतो, गुडघा टेकून नाडी बांधून देतो. माणसाचा स्वभाव पायावरून कळतो म्हणतो. मला तर पायावरून फक्त वास कळतो. म्हाताऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, "तो हसरा आहे का आज?" नसला तर आल्या पावली परत.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच गिऱ्हाईक होऊन आला. सोबत त्याचा तो. नाव लिहिलं तर तू पत्र पुढे वाचणार नाहीस, म्हणून लिहीत नाही. मी त्याला उंट म्हणते. उंच आहे, आणि हाक मारल्याशिवाय मान वळवत नाही. उंटाला जोडे घ्यायचे होते. चिमण्याने त्याच्या पायात घातले, नाडी बांधली आणि उठताना त्याच्या गुडघ्यावर हात टेकवून उठला. एवढंच. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने कौतुकाने विचारलं, "भाऊ का रे तुझा?" हा म्हणाला, "नाही, जोडीदार आहे माझा."

नुसतं मित्र म्हणाला असता तर आज कामावर असता. मी तसं म्हटलं त्याला. तर म्हणतो, "मावशी, ती बाई हसून विचारत होती गं. हसणाऱ्या माणसाशी कसं खोटं बोलायचं?"

हसणारी बाई हसायची थांबली आणि मालकाकडे गेली. मालकाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मी जोडे विकतो, असले जोडे नाही. गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावायचं काम आहे हे. उद्यापासून येऊ नकोस."

आता मुद्द्याचं. त्याच्या ओळखीची माणसं रोज संध्याकाळी दुकानासमोरच्या फुटपाथवर पाट्या घेऊन उभी राहतात. ओरडत नाहीत, वाट अडवत नाहीत. आत जाणाऱ्याला नमस्कार करून सांगतात, त्या पोराला कामावर घेईपर्यंत इथून काही घेऊ नका. त्यांना मालक काय उत्तर देतो माहीत आहे? म्हणतो, "मी त्याच्या आईला फोन केला होता. ती म्हणाली, त्याचा माझा काही संबंध नाही. ज्याला सख्ख्या आईने घरात ठेवलं नाही, त्याला मी दुकानात कशाला ठेवू?"

हे ऐकलं की सगळ्यांच्या पाट्या खाली येतात. चिमण्याची सगळ्यात आधी.

ताई, तुझ्याकडून मला काही नको. मालकाला फोन कर आणि एकच वाक्य बोल, तो माझा मुलगा आहे. गोड बोलायला सांगत नाहीये. नंबर तुझ्याकडे आहेच, तुलाच त्याने लावला होता.

धाकटी


१७ नोव्हेंबर

ताई,

फोन केला नाहीस. कळलं मला. मालक आज पुन्हा तेच वाक्य बोलला, आणि आता तर पाठ झाल्यासारखं चालीवर बोलतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तू चतुर आहेस, तुझ्या लक्षात आली असेल. पोरगा बाहेर उभा आणि मी अजून आत, मागच्या खोलीत मशीनवर. सकाळी मागच्या दाराने शिरते. काम सोडलं तर खोलीचं भाडं कोण भरणार? उंट एकटा किती ओढेल? हे सगळं खरं आहे. पण समोरून यायला पाय होत नाही, हेही खरं.

त्यांना कळलेलं आहे. कुणी काही बोलत नाही. त्यांच्यातली एक केस कापलेली मुलगी आहे, तलावावर पोरांना पोहायला शिकवते. मी तिला झिपरी म्हणते. ती सगळं ठरवते, कुणी कुठे उभं राहायचं, कधी पाणी प्यायचं. वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे, तिथली माणसं आधीच रडकुंडीला आलेली असतात, म्हणून घोषणा द्यायच्या नाहीत हेही तिनेच ठरवलं. मी कुत्सितपणे म्हटलं, "गप्प उभं राहून कधी कुणाचं काम झालंय का?" तर म्हणते, "मावशी, बुडणारा माणूस ओरडतो. पोहणारा श्वास जपून वापरतो." मी म्हटलं, असेल बाई, मला दोन्ही येत नाही.

काल मालक दारात येऊन त्यांना शिकवायला लागला. "अरे, जोडा म्हणजे एक डावा आणि एक उजवा. निसर्गाचा नियम आहे. दोन डावे घालून कुणी चालतं का?" सगळे आपले खाली बघतायत. तेवढ्यात उंटाने मान वळवली. आठवड्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं असेल त्याने. म्हणाला, "मालक, तुम्ही मोजेही विकता ना?"

"विकतो. मग?"

"त्यात डावा कुठला, उजवा कुठला?"

दाताच्या दवाखान्यातून उतरणारा एक माणूस गालाला बोळा धरून हसला आणि हाय हाय करत खाली बसला. मालक आत गेला. मी मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबला होता.

या उंटाबद्दल तुला काही माहीत नाही, म्हणून सांगते. रुग्णवाहिका चालवतो. घरी आला की आधी हात धुतो, मग भांडी घासतो, मग बोलतो. चिमण्याला ताप आला होता तेव्हा रात्रपाळी करून आला आणि उशाशी बसल्या बसल्या झोपला, घोरला इतका की आजारी माणूस उठून बसला. जेवतो मात्र अफाट. मी एकदा बोलले, तर पुढच्या दिवशी स्वतःच पीठ घेऊन आला. आपल्या दोघींच्या नशिबी जे नवरे आले, त्यांनी कधी स्वतःहून पीठ आणलं होतं का? खरं सांग.

तू म्हणशील, लोकांना तोंड कसं दाखवू. लोक! तुझ्या गल्लीतले लोक तुझ्या आजारपणात सूप घेऊन आले होते का वाडगाभर? तू आपली घरात बसून उंटावरून शेळ्या हाक. बघ, तिथेही उंटच आला.

फोन कर.

धाकटी


२४ नोव्हेंबर

ताई,

काल काय गोंधळ झाला सांगते. आधी बसून घे.

झिपरीने बेत केला होता की शनिवारी सकाळी सगळ्यांनी जोडीने यायचं. कुठलीही जोडी चालेल. नवरा-बायको, माय-लेक, दोन मैत्रिणी, शेजारी-शेजारी, आणि चिमण्या-उंटासारखेही. हात धरून तासभर उभं राहायचं आणि घरी जायचं. बस्स. त्यासाठी एक मोठी पाटी करून आदल्या दिवशी दुकानासमोर लावायची होती, "शनिवारी जोडीनं या."

कुणीतरी पाटीवर लिहिलं, "शनिवारी जोडे आणा."

झिपरीच्या लक्षात येईपर्यंत पाटी रात्रभर तिथे उभी होती आणि तिचा फोटो शंभर फोनांत गेला होता. आता जोड्यांच्या दुकानासमोर जोडे घेऊन बोलावल्यावर शहाण्या माणसाला काय वाटेल? मालकाला वाटलं, जोडे मारायला येतायत. त्याने काचेच्या फळ्या रिकाम्या केल्या, पोलिसांना कळवलं, आणि गल्ल्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून बसला. खोटं नाही. हेल्मेट घालून एका बाईला सुट्टे पैसे देत होता.

आणि माणसं खरंच आली, हातात जोडे घेऊन. पिशव्यांत, कागदात गुंडाळून, काही नुसतेच लोंबकळत. बरीचशी आपली, पण दहा-बारा रिकामटेकडेही होते. त्यांना कोण चिमण्या आणि कसला हक्क, काही पत्ता नाही. फुकटात कुणाला तरी हाणायला मिळतंय म्हणून आलेले. एक पोलीस बाई काठी घेऊन दारात. तिने झिपरीला विचारलं, "नक्की कुणाला मारणार आहात?"

"कुणालाच नाही हो!"

"मग हे जोडे?"

झिपरी डोकं खाजवायला लागली. पहिल्यांदाच.

मी मागच्या खोलीतून ऐकत होते. तेवढ्यात बाहेर एका आडदांड माणसाचा आवाज आला. "बाहेर ये रे मालक! गेल्या वर्षी घेतलेला जोडा दोन महिन्यांत फाटला, आज परत करतो तुझ्या डोक्यात!" मी मशीन सोडून पुढे धावले. समोरच्या दाराने, ताई. बघते तर त्याने हात उगारलाय, हातात हा एवढा बूट, आणि त्याच्या आणि काचेच्या मधे आपला चिमण्या.

पोलीस बाईची काठी वर गेली. एक जोडा सुटला असता ना, तर इतके दिवस गप्प उभं राहण्यावर पाणी पडलं असतं. मालकाला हवं तेच झालं असतं.

चिमण्याने हात वर केला. मारायला नाही, बूट घ्यायला. शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतला आणि उलटा करून बघितला. मग म्हणाला, "काका, तुम्ही उजव्या पायावर कमी भार देता का?"

तो माणूस गोंधळला. "का?"

"टाच एकाच बाजूने झिजलीय. गुडघा दुखतो का?"

"दुखतो," तो म्हणाला. मग अजून हळू म्हणाला, "जिना उतरताना."

"बसा जरा इथे."

आणि तो बसला, ताई! दुकानाच्या पायरीवर बसला, मुकाट. चिमण्याने गुडघा टेकला आणि त्याचा पाय हातात घेऊन बघायला लागला, हा मापाचा नाही, पुढून चावतोय, टाचेत गादी हवी. सगळ्यांसमोर. आत काचेमागे मालक हेल्मेट घालून बघतोय. बाहेर तो आडदांड पाय पुढे करून विचारतोय, "मग कुठल्या मापाचा घेऊ रे बाळा?" त्या माणसाला कुठे ठाऊक होतं की हा हात पायाला लागू नये म्हणूनच तर एवढं रामायण चाललंय!

पोलीस बाईने काठी खाली घेतली. झिपरीला अक्कल परत आली. ओरडली, "आता आणलेच आहेत तर मांडा पायऱ्यांवर!" लोक मांडायला लागले. उंटाने आपला एक होडीएवढा जोडा ठेवला आणि शेजारी चिमण्याचा एक. ते बघून एका म्हातारीने आपली एक चप्पल ठेवली, शेजारी तिच्या मैत्रिणीची एक. मग सगळ्यांनीच तसं धरलं. एक माझा, एक माझ्या माणसाचा. एका बाईने आपली सँडल आणि मुलीचा शाळेचा बूट. पायऱ्या भरल्या, फुटपाथ भरला. पोलीस बाई मला म्हणते, "माझे सरकारी आहेत, नाहीतर एक ठेवला असता." कुणाशेजारी, ते मी विचारलं नाही.

मारायचे जोडे कुणी मारले नाहीत. माणसं अनवाणी उभी राहिली तासभर, ऊन तापायला लागल्यावर एका पायावरून दुसऱ्यावर होत. मग आपापले घालून गेली.

चिमण्या संध्याकाळी म्हणाला, "आई आली असती तर सगळ्यांना शिव्या दिल्या असत्या. पण चपला मात्र सरळ रांगेत लावून दिल्या असत्या." म्हणून हसला. मी उठून पाणी प्यायला गेले.

धाकटी


१ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी आलं आणि त्यात एक ओळ. "मालकाला काय सांगायचं ते तूच सांग, मला इथे चार लोकांत राहायचं आहे." शाई जास्त लागली असती का?

मी सांगून बघितलं. मालक म्हणाला, मावशी ती मावशी, आई ती आई.

मालक आता थोडा वाकलाय. शनिवारपासून गिऱ्हाइकं आत येऊन विचारतात, "तो पायऱ्यांवर बसला होता तो मुलगा कुठाय?" आडदांड तर तीनदा आला. म्हणून परवा मालकाने चिमण्याला निरोप दिला, परत ये, पगार तोच, पण मागे गोदामात बसायचं. खोके लावायचे. गिऱ्हाइकासमोर यायचं नाही.

मी म्हटलं, घे. मी व्यवहारी बाई आहे. काम ते काम, पुढे काय आणि मागे काय, मी आयुष्यभर मागेच बसले. उंट म्हणाला, "तू ठरव." चिमण्या म्हणाला, "मावशी, लपून राहायला जमलं असतं तर आईकडेच राहिलो असतो की."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव, एका ओळीत मावेल.

आता माझं. ती पाटी मीच लिहिली होती. आदल्या दिवशी माझ्याच खोलीत सगळे बसले होते, रंगाचा वास, उंट भांडी आपटतोय, झिपरी घाईत, माझ्या हातात ब्रश दिला आणि ओरडून सांगितलं, "मावशी, लिही, शनिवारी जोडीनं या!" मला ऐकू आलं जोडे आणा. मनात म्हटलं, जोड्यांचं दुकान आहे, जोडेच आणायला सांगणार. वर अक्षर मोठं आलं म्हणून मीच खूश. आता सगळे मला "कवयित्री" म्हणून चिडवतात.

आणि दुसरं. त्या दिवशी मी समोरच्या दाराने बाहेर आले ना, त्यानंतर मालकाने विचारलं, "तुम्ही आत की बाहेर, एक काय ते ठरवा." मी चटकन म्हटलं, बाहेर. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून मीही फुटपाथवर आहे. मशीनवर बसून बसून पाठ गेली होती, आता उभं राहून पाय गेले. पण बाई, समोरून सगळं दिसतं.

उंटाला बाहेरगावी बदली मिळू शकते. चिमण्या विचारतोय जाऊ का म्हणून. गेला तर लांब जाईल, समुद्रापलीकडे नाही, पण माझ्या-तुझ्या हातून जाईल एवढं लांब. महिनाअखेर कळवायचंय. मी तुला भीती घालत नाही. घालतेय. घालतेच आहे.

धाकटी


११ डिसेंबर

ताई,

पोचलीस का नीट? बस पकडायच्या नादात मागे वळून बघितलं नाहीस. म्हणून तू गेल्यावर काय झालं ते कळवते. पण आधी तू काय केलंस ते लिहिते. तू खाली मान घालून बोलत होतीस, तुला दिसलं नाही. मी बाहेरून काचेला नाक लावून बघत होते.

तू कोपऱ्यावरून येताना दिसलीस तर मी ओळखलंच नाही. इतकी वाळलीस? झिपरी पुढे झाली. "काकू, नमस्कार. आज इथून खरेदी करू नका, आमच्या एका—"

"बाजूला हो," तू म्हणालीस.

झिपरीचा चेहरा बघायला हवा होतास. मी तिला मागून ओढलं. म्हटलं, सोड, जाऊ दे. ती म्हणते, "कोण आहे ही खडूस बाई?" मी म्हटलं, माझ्यावर गेलीय.

चिमण्याने तुला बघितलं आणि पाटी त्याच्या हातातून निसटली. उंटाने झेलली.

तू आत जाऊन खुर्चीत बसलीस, पिशवी मांडीवर. मालकाने कामावरच्या नव्या मुलाला पुढे केलं. तू पाय मागे घेतलास. "हा नको. तो बोलवा."

"कोण तो?"

"बाहेर उभा आहे तो. हसरा."

"बाई, तो आता इथे कामाला नाही. त्याचं जरा प्रकरण आहे. त्याच्या घरचेही—"

"घरचं मला सांगू नका," तू म्हणालीस. "मी त्याची आई आहे. फोनवर तुम्हाला बोलले ती मीच. तेव्हा रागात बोलले. माझ्या पायाला त्यानेच हात लावायचा. दुसऱ्याने लावला तर मी इथून उठणारच नाही."

मालकाचं ते वाक्य पाठ होतं ना? ते वाक्य सुरू करायला आता जागाच राहिली नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारही त्याच्याकडे बघत होती.

दार उघडून त्यानेच हाक मारली. "ये रे. लवकर आटप."

तो आला. गुडघा टेकून बसला. मापाची पट्टी घेतली खरी, पण तुझा पाय हातात धरून किती वेळ नुसताच बसला ते तुलाच ठाऊक. मला काचेतून त्याची पाठ दिसत होती. तू म्हणालीस, "आता माप घेतोस का रडतोस, एक काय ते कर. बस चुकेल माझी." हे इतकं हळू बोललीस की मला ऐकू नाही आलं, त्यानेच नंतर सांगितलं. हसत सांगत होता, पण शेवटपर्यंत सांगू शकला नाही.

त्याच्याशी एवढंच बोललीस. त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाहीस. उंटाच्या समोरून गेलीस तर त्याला आपादमस्तक बघून घेतलंस, बाजारात गाडीची किंमत करतात तसं. तो बिचारा अवघडून तुला म्हणाला, "सांभाळून जा." तू हुं केलंस. ते हुं तो तेव्हापासून जपून आहे. सारखा विचारतो, "मावशी, ते कसलं हुं होतं?" मी सांगितलं, बाबा, तिच्या लग्नात तिने नवऱ्याला याच्या अर्ध्यानेही हुं केलं नव्हतं.

आणि हो, बहिष्कार चालू असताना जोडे विकत घेणारी तू पहिली आणि शेवटची. झिपरी म्हणते, काकूंना माफ.

आता तू गेल्यावरचं. मालक गल्ल्यावर बराच वेळ बसला. सोमवारी सकाळी आम्ही गेलो तर शटर उघडून दारात उभा. चिमण्याला म्हणाला, "आत ये."

चिमण्या जागचा हलला नाही. "पुढे की मागे?"

"पुढे."

"हे यांच्यासमोर सांगाल?"

मालकाने माझ्याकडे बघितलं, जसं काही हे मीच शिकवलंय. मग पायरीवर आला आणि घसा खाकरून म्हणाला, "हा आजपासून कामावर आहे. पुढे बसेल. कुणाच्या पायाला कुणी हात लावायचा ते गिऱ्हाईक बघेल. आता माझ्या पायऱ्या मोकळ्या करा." माफी वगैरे काही नाही. तेवढं त्याच्या पोटात नव्हतं आणि आम्हीही ढवळायला गेलो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आवाज केला, तर वरून दातवाल्या डॉक्टरीणबाईंनी खिडकी उघडून विचारलं, "झालं का एकदाचं?" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून कोण बसलं होतं देव जाणे.

मग मालक मला म्हणाला, "तुम्ही काय बघताय? मशीनला गंज चढतोय." मी म्हटलं, चढू दे, मी समोरच्या दाराने येणार. या म्हणाला.

चिमण्या सध्या तरी कुठे जात नाहीये. उंटाने बदली नको म्हणून कळवलं. पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तो आडदांड. दुसरी, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, तीच ती बाई, भाऊ का म्हणून विचारणारी. ती दुकानात आली, बाहेर गेली, परत आली. शेवटी बसली आणि पाय पुढे केला. चिमण्याने माप घेतलं. जोडा घेऊन गेली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. शेजारच्या दुकानातला अजून थुंकतो आम्हाला बघून. जीभ सुकेल एक दिवस.

आता शेवटचं. तू दुकानातून नवे जोडे घालून निघालीस आणि तुझ्या जुन्या चपला खुर्चीखाली विसरलीस. एवढी व्यवस्थित बाई, तू विसरलीस! विसरलीस की ठेवून गेलीस, ते मी विचारत नाही. चिमण्याने त्या घरी आणल्या, पुसल्या, तुटायला आलेला पट्टा मी शिवला. पोस्टाने पाठवू म्हटलं तर ऐकत नाही. रविवारी दोघं घेऊन येतायत. मीही येतेय, उंट एकटा गप्प बसला तर बोलायला कुणी हवं.

काही करत बसू नकोस. स्वयंपाक मी इथून करून आणते, उंटाचा अंदाज तुला नाही. गल्लीतल्या चार लोकांनी विचारलं कोण आलंय, तर तुला सुचेल ते सांग. नाही सुचलं तर मला हाक मार, मी सांगते.

कडी तेवढी काढून ठेव.

तुझी धाकटी